दोर्कसबाईंची गिटार

गिटार पुण्याहून दुरुस्त होऊन आली तेव्हा दोर्कसबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्याआधी मीच धावले आणि तिच्यावर गुंडाळलेली चादर सोडायला लागले.

"हळू गं, हळू," ओहोळ गुरुजी म्हणाले. "एस.टी.त मांडीवर घेऊन आणलीय. शेजारचा माणूस विचारत होता, पोराला काय झालंय म्हणून."

"मग काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, पोरगं बरं झालंय, घरी नेतोय."

बाई हसल्या. चादर सुटली आणि मी बघतच राहिले. पन्नासेक वर्षांचं ते वाद्य, धूर खाऊन, घाम पिऊन काळवंडलेलं. आता ते मधासारखं चमकत होतं. कडेची भेग बुजवली होती. तारा नव्या होत्या.

"नवरी केलीत की हिची," बाई म्हणाल्या.

"सत्काराचा दिवस आहे बाई. कपाटात बसायची तर नटून बसू दे." गुरुजींनी धोतराचा सोगा उचलून घाम पुसला. "चार वाजता मंडळी जमतील. तुमचं कीर्तन, मग हार-शाल, मग ही कपाटात. किल्ली मी पाळकसाहेबांच्या हाती देणार. सलाम बाई, येतो."

ते गेले. ही गोष्ट आमच्या प्रवरेकाठच्या गावातली, मी तेविशीत होते तेव्हाची. गावच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाला पहिल्यांदा उभी राहिलेली बाई म्हणजे दोर्कस रणनवरे. तीही गळ्यात गिटार अडकवून. पहिल्या दिवशी कुणी वडीलधारे उठून म्हणाले होते म्हणे, "हे सिनेमातलं वाद्य देवळात कशाला?" बाईंनी तारा जुळवता जुळवता विचारलं, "आणि तुमची पेटी काय स्वर्गातनं उतरली का, दादा? तीबी बोटीतनंच आली." मग त्यांनी जे गायला धरलं, ते पुढं तीस वर्षं थांबलं नाही. नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, पार जालन्यापर्यंत लोक बैलगाड्या जुंपून त्यांचं कीर्तन ऐकायला यायचे. प्रभूचं वचन मी शाळेत पाठ केलं होतं, पण ते माझ्या अंगावर आलं ते बाईंच्या कीर्तनात.

आता त्यांनी सत्तरी गाठली होती आणि पंच कमिटीनं ठरवलं होतं, की बाईंची गिटार मंडळीच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायची. सुतारानं सागवानी कपाट केलं होतं. आत निळी मखमल लावली होती. कमिटीच्या वतीनं गुरुजींनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "कीर्तन संपल्यावर न्या की. मी कुठं नाही म्हणते?"

ते 'न्या की' माझ्या काळजाला लागलं होतं. सहा-सात वर्षं मी बाईंच्या मागं उभी राहून झांज वाजवत होते, पदं उचलून धरत होते. दुपारी मी शिकवायची ती बालवाडी सुटली की बाईंच्या घरी जाऊन गिटारीवर हात फिरवत होते. दुसरी गिटार आमच्या गावात नव्हती आणि घ्यायची ऐपत माझ्या सात पिढ्यांत नव्हती. कपाटाला कुलूप लागलं की माझं शिकणं संपलं. पण 'मला द्या' असं म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. माझा आवाज पुरुषासारखा जाड, घोगरा. शाळेच्या गायनात मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. त्या ओठ हलवण्यावरूनच बाईंनी मला ओळखलं होतं. "ए पोरी," त्या म्हणाल्या होत्या, "तू गात नाहीस. गा बरं." मी गायले. बाकीच्या पोरी हसल्या. बाई हसल्या नाहीत.

तर त्या सकाळी मी गिटार मांडीवर घेतली, ओसरीतल्या कोनाड्यातून बाईंची नळी काढली आणि करंगळीत घातली. ती नळी म्हणजे सायकलच्या पंपाचा कापलेला पितळी तुकडा. बाई तारा बोटांनी दाबत नसत. नळी तारांवरून घसरवत, आणि मग गिटार बोलायची नाही, रडायची. रडता रडता मधेच खुदकन हसायची. अख्ख्या जिल्ह्यात ते कुणाला येत नव्हतं. मला थोडं थोडं येऊ लागलं होतं. बाईंसारखीच करंगळीत नळी, बाईंसारखीच मान डावीकडं.

नळी टेकवली आणि 'खर्रर' असा आवाज झाला.

पुन्हा टेकवली. पुन्हा खरखर. नळी तारेवर न राहता खालच्या दांडीवरच्या पट्ट्यांना घासत होती. मी गिटार डोळ्यासमोर आडवी धरून बघितलं. वरच्या टोकाला तारांखाली बाईंनी बाभळीचा एक तुकडा बसवलेला असायचा, त्यामुळं तारा दांडीपासून चांगल्या उंच असायच्या आणि नळी मोकळी फिरायची. तो तुकडा नव्हता. तारा खाली बसल्या होत्या, दांडीला जवळजवळ चिकटून.

"बाई! वाटोळं केलं त्यांनी!"

"काय झालं गं?"

"तारा खाली केल्यात. तुकडाच काढून टाकलाय. नळी चालतच नाही!"

बाईंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "बरं."

"बरं काय? चार वाजता कीर्तन आहे! तुमचं शेवटचं कीर्तन, आणि तुम्हाला वाजवता येणार नाही. मी बाभळीचा तुकडा तासून आणते, तीतमामांकडं वाकस आहे..."

"रिबके." बाईंनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "बस. शेंगा फोड. दाणे कमी पडत्याल चटणीला."

"बाई, पण..."

"आज वाद्याला हात लावायचा न्हाई. आल्यालं तसं न्यायचं."

मी बसले, शेंगा फोडल्या आणि मनातल्या मनात ओहोळ गुरुजींना आणि त्यांच्या पुण्याच्या दुकानदाराला जे बोलले ते रविवारी पापकबुलीत सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्या माणसानं हौसेनं केलं, हे कळत होतं. पण बाईंचा उजवा पंजाच म्हणावा अशी ती गिटार होती, आणि यांनी तिचा अंगठाच कापून आणला होता.

बाईंचा खरा अधू पंजा मात्र डावा. त्याची मधली दोन बोटं वळत नसत. माझ्यासाठी ते बाईंच्या नाकासारखं किंवा चालण्यासारखं होतं. त्याबद्दल मी कधी विचार केला नव्हता.

चार वाजता हॉल भरला. बाया पुढं सतरंजीवर, पुरुष मागं बाकांवर, पोरं खिडक्यांत. कपाट व्यासपीठाच्या कडेला उभं होतं, दार उघडं, आतली मखमल दिसत होती. तीतमामा ढोलकीला ओली कणीक लावत होते. बाईंच्या मोठ्या कीर्तनांत पहिल्यापासून ढोलकी त्यांचीच.

"काय गं, तोंड असं का?" ते मला म्हणाले. "कपाटात तुला ठेवणारैत का गिटारीला?"

"मामा, तारा..."

"आक्का आल्या. गप."

बाई आल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काही नाही. त्यांनी मंडळीला सलाम केला. मग व्यासपीठावर ठेवलेली गिटार उचलली, पट्टा सोडला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात अडकवला.

"आज मी बोलते," त्या मंडळीला म्हणाल्या. "वाजवंल ही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. माझ्या हातातून झांज गळून तीतमामांच्या पायावर पडली. मी बाईंच्या जवळ सरकून पुटपुटले, "नळी द्या."

"कशाला?"

"वाजवायला!"

"बोटं कुठं गेली तुझी?"

"बाई, मला नळीशिवाय येत नाही."

"कुणी सांगितलं? ट्राय केलंस कधी?" बाई इंग्रजी शब्द फक्त मला चिडवताना वापरायच्या.

"आक्का," तीतमामा पाय चोळत म्हणाले, "पोरगी पडंल खाली."

"पडली तर तू उचल. ढोलकी धर."

त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटले, माझे मिटले नाहीत. मी तारांकडं बघत होते. आमेन झालं. बाईंनी पहिल्या पदाचा पहिला शब्द उचलला आणि माझी वाट न बघता पुढं गेल्या. मला मागून पळत जाणं भाग होतं. मी बोट टेकवलं. तार दबली.

सांगायला साधी गोष्ट आहे, पण ज्यानं उंच तारांवर बोटं सोलून घेतली आहेत त्यालाच ती कळेल. इतकी वर्षं बोटानं तार दाबायची म्हणजे विळीवर बोट ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून मी नळीच्या आडोशाला राहायचे. आता तार माझ्या बोटाखाली लोण्यासारखी बसली. पहिलं पद मी कसंबसं काढलं, दोनदा चुकले. तिसऱ्या ओळीला बाईंनी मुद्दाम स्वर लांबवला आणि तिथं थांबून राहिल्या. मी बोट जरासं ओढलं, आणि तार रडली. नळीसारखी नाही. वेगळीच. आत कुठंतरी घशात आवंढा अडकावा तशी. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं 'देवा' म्हणून श्वास सोडला.

बाईंनी पूर्वरंगात मांडला तो विषय होता दानाचा. देव देतो तेव्हा कुठं देतो? तयार हातात देतो. बोलता बोलता त्यांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्या तोंडून फक्त तुकड्यांनी ऐकली होती. त्या लहान असताना दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्यांची आई एका अँग्लो-इंडियन गार्डच्या घरी आया होती. त्या घरी ग्रामोफोन होता. त्यावर एक तबकडी लागायची. अमेरिकेतली कुणी काळी बाई, स्वतः गिटार वाजवत गायची.

"भाषा कळायची न्हाई," बाई म्हणाल्या, "पर दुख कळायचं. आन् दुखाच्या मधी ती अशी काय ठेका धरायची, की वाटायचं, ही रडती का नाचती? तिच्या देशात बायांनी गिटार धरली तरी लोक तोंडं वाकडी करत आसत्याल. तिनं धरली. तबकडीवरचा कागद निघाला हुता, तिचं नाव मला ठाऊक न्हाई. मी तिला थोरली म्हणते. माझी थोरली भन. ती बोटांनी वाजवायची. बोटांनी! दाही बोटं जिवंत हुती तिची. गार्डसाहेबानं विलायतेला जाताना गिटार मला दिली तवा मीबी बोटांनीच वाजवत हुते."

मी वाजवता वाजवता चुकले. तीतमामांनी ढोलकीवर थाप मारून झाकलं.

पूर्वरंग संपला. आमच्याकडं रीत अशी, की पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये कीर्तनकाराला हार घालतात, आणि हार ज्याच्या गळ्यात त्यानं पुढचं आख्यान सांगायचं. गुरुजी शेवंतीचा हार घेऊन पुढं आले. बाईंनी एक पाऊल मागं घेतलं.

"माझं झालं, गुरुजी."

"झालं? अहो, उत्तररंग?"

"तो हिचा."

गुरुजी हार हातात धरून उभे. त्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं, कपाटाकडं पाहिलं. पोरं खिडकीत फिदीफिदी हसायला लागली.

"बाई, सत्कार तुमचा आहे," ते हळूच म्हणाले.

"मंग माझं ऐका. हार सुकंल."

गुरुजींनी तो माझ्या गळ्यात घातला. हार गिटारीच्या पट्ट्यात अडकला, तो बाईंनी सोडवला. सोडवताना त्या एवढंच म्हणाल्या, "विधवेचं तेल सांग. तुला येतं. आन् माझ्या आवाजात सांगायचं न्हाई."

विधवेच्या तेलाची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. नवरा गेलेली बाई, घरात कुपीभर तेल, आणि संदेष्टा तिला सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी नको, पुष्कळ माग, भांडी पुरतील तोवर कुपीतलं तेल आटायचं नाही. मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो माझा, जाड, विहिरीत घागर आपटावी तसा. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता हसतील. तर पुढच्या रांगेतल्या सगुणामावशी, ज्या स्वतः वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या, त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडं असं बघितलं, की 'सांग, माझीच गोष्ट आहे.' मग मला भीती वाटायला वेळच उरला नाही. आख्यानातलं पद सुरू केलं,

"रिकामी भांडी आणा बायांनो, उसनी आणा दारोदारी,
झरा माझ्या घरात फुटला, ओंजळ तुमची का कोरी?"

बायांनी ते उचललं. तीतमामांनी लय चढवली. माझी बोटं कुठं जात होती मला ठाऊक नव्हतं. तार ओढली की हॉल ओढला जायचा. ती विधवा भांडं भरते, पोराला म्हणते, आण दुसरं, आण तिसरं, घागर आण, तांब्या आण, आणि पोरगं म्हणतं, आई, आता भांडंच नाही. मी तिथं थांबले. बोट तारेवर, ढोलकी बंद.

"आणि तेल थांबलं," मी म्हणाले.

मागच्या बाकावरून कारखान्यावरचे शिमोन वॉचमन मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी, हितं भांडं सापडलंय! कपाट राहू द्या आता!"

हॉल हसला, टाळ्या पडल्या, बायांनी पद पुन्हा धरलं आणि आख्यान कितीतरी वेळ लांबलं. शेवटची प्रार्थना बाईंनी केली. मंडळी उठेना.

पण माझ्या मनात एक काटा राहिलाच होता. गुरुजी किल्ली हातात फिरवत, गोंधळलेले, आमच्याजवळ आले तेव्हा तो बाहेर पडला.

"गुरुजी, तुम्ही माझ्या वडलांसारखे. पण तुमच्या दुकानदारानं बाईंचं शेवटचं कीर्तन घालवलं. तारा कुणाला विचारून खाली केल्या? बाईंना आज स्वतःच्या वाद्याला हात लावता आला नाही!"

गुरुजींचा चेहरा पडला. "अगं, मी कशाला सांगेन? मला त्यातलं काय कळतं?" त्यांनी बाईंकडं बोट केलं. "बाईंनीच निरोप दिला होता. त्याला म्हणावं, बाभळीचा तुकडा काढून टाक, तारा बोटांना लागतील अशा बसव. दुकानदार दोनदा म्हणाला, मग त्यावर नळी चालायची नाही हो. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय तसं कर."

मी बाईंकडं वळले. त्या कमरेच्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या.

"तुम्ही?"

"मंग कोण?"

"पण तुम्हाला आता कधीच वाजवता येणार नाही!"

"मला किती दिस वाजवायचंय? तुला किती वाजवायचंय?" त्यांनी डावा पंजा माझ्यासमोर धरला. मधली दोन बोटं ताठ, काडीसारखी. "ही कडबा कापायच्या यंत्रात गेली, लग्नाच्या तिसऱ्या साली. चार वर्सं गिटार कोपऱ्यात पडून हुती. रोज बघायचे आन् रडायचे. मंग पंपाचा तुकडा घावला, तारा उंच केल्या, जमंल तसं वाजवलं. देवानं त्यातबी गोडी घातली, ती त्याची कृपा. पर रिबके, नळी म्हंजी विद्या न्हाई. नळी माझी कुबडी. आन् तू धडधाकट पोरगी सात वर्सं माझी कुबडी घिऊन लंगडत चाललीस, का तर गुरू लंगडतो म्हून! सांगून ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं. बाईंना ते माहीत होतं.

तीतमामा नाक शिंकरायला बाहेर गेले. गुरुजी किल्लीकडं बघत राहिले. "बाई, मग ह्या कपाटाचं काय? सुतारानं मखमल लावलीय हो."

बाईंच्या हाताला पिशवीत जे हवं होतं ते सापडलं. पितळी नळी. त्यांनी ती पदरानं पुसली.

"ही ठेवा. पोरीला आता लागायची न्हाई."

गुरुजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. एवढ्या मोठ्या कपाटात, निळ्या मखमलीवर, मधोमध ती बोटभर नळी ठेवून त्यांनी दार लावलं आणि कुलूप घातलं. गुरुजी मनाचे मोठे. त्यांनी त्याच मखमलीच्या उरलेल्या तुकड्याचा गिटारीला नवा पट्टा शिवून दिला.

दोर्कसबाई त्यानंतर पाच वर्षं होत्या. माझ्या कीर्तनाला पुढं बसायच्या, चुकले की खोकायच्या. गिटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. एकदा मात्र मी आतून चहा घेऊन आले तेव्हा त्या ओट्यावर बसून हवेतच डावा हात हळूहळू सरकवत होत्या, करंगळी ताठ, मान डावीकडं. मी उंबऱ्यातच थांबले. बाईंनी किती दिलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. चहा निवून गेला.

आज मी साठीच्या पुढं आहे. माझ्याकडं शिकायला येते ती बेथानी, पाटोळ्यांची धाकटी. गळा बारीक, अगदी सुईसारखा, माझ्याहून पार उलटा. पोरगी डावरी आहे. मी शिकवते तसं उजव्या हातानं वाजवायचा हट्ट करायची, आणि तिचं प्रत्येक पद पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखं अवघडलेलं यायचं. तिला मी काही सांगितलं नाही. गेल्या ईस्टरनंतर गिटार घेऊन पुण्याला गेले आणि सगळ्या तारा उलट्या बाजूनं बसवून आणल्या.

दुकानातला तरुण म्हणाला, "मावशी, मग तुम्हाला वाजवता येणार नाही हं."

मी म्हटलं, "माहीत आहे. बसव."